बरोसाची २०११ ची शिराझ ठेवावी की उघडावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ॲडलेडला राहता. ऑफिसमधले एक सहकारी निवृत्त होऊन घर बदलत होते, जाताना त्यांनी तुम्हाला बारा बाटल्यांचं खोकं दिलं. त्यात ॲडलेडजवळच्या बरोसा व्हॅलीतल्या एकाच वायनरीची शिराझ (त्या नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) आहे, २०१०, २०११ आणि २०१२ ची प्रत्येकी तीन बाटल्या. शिवाय कूनवाराची २०१२ ची कॅबर्ने सॉव्हिन्यॉ (हेही काळं द्राक्ष) दोन, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट रिव्हरची २०११ ची कॅबर्ने एक. खोकं त्यांच्या गॅरेजमध्ये 'बरीच वर्षं' होतं. सालवार गुण देणाऱ्या इंटरनेटवरच्या तक्त्यात २०११ ला अगदी कमी गुण दिसले, म्हणून तुम्ही विचारताय की त्या चार बाटल्या मटणाच्या रश्श्यात ओतून मोकळं व्हावं का, बाकीच्या अजून किती वर्षं ठेवाव्यात, मित्रांना बोलावून चाखायच्या तर कशा, आणि दिवाळीला पुण्यात सासऱ्यांसाठी एखादी नेता येईल का.

मी मूळचा निफाडकडचा, द्राक्षबागायतदाराच्या घरातला. इथे साउथ ऑस्ट्रेलियात आधी वायनऱ्यांमध्ये काम केलं, आता लोकांचे घरगुती साठे तपासून कुठली बाटली ठेवायची, कुठली उघडायची, कुठली टाकायची हे सांगायचं काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो: तुम्ही विचारलंय सालाबद्दल, पण तुमची खरी अडचण गॅरेज ही आहे. साल नंतर.

आधीच कबूल करतो की काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. वायनरीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, बाटल्यांना बूच आहे की आट्यांचं झाकण तेही नाही. आणि तुम्हाला जुनी वाइन आवडते का, हे तुम्हालाही अजून माहीत नसावं. पुष्कळांना आवडत नाही आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ताज्या जांभळ्या फळाचा, भरगच्च चवीचा आनंद ज्याला हवा आहे त्याच्या हातात पंधरा वर्षांची बाटली दिली तर तो म्हणणार, हिच्यातलं फळ गेलं कुठे? त्यामुळे 'किती वर्षं ठेवू' याचं निम्मं उत्तर पिणाऱ्याकडे असतं.

आता गॅरेज. ॲडलेडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो हे तुम्ही अनुभवलंच आहे. पत्र्याच्या दाराचं, पश्चिमेकडे तोंड असलेलं गॅरेज दुपारी बाहेरच्यापेक्षाही तापतं आणि रात्री गार पडतं. वाइन जुनी होते म्हणजे बाटलीत हळूहळू रासायनिक बदल होत राहतात. तुरटपणा देणारे घटक एकमेकांना जोडले जातात, रंगद्रव्यांना चिकटतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून जुनी रेड मऊ लागते आणि तिचा रंग विटकरीकडे झुकतो. उष्णतेने हे सगळं वेगाने होतं, पण नुसतं वेगाने होत नाही, वेगळ्याच दिशेने जातं. आढीत पिकलेला हापूस आणि कार्बाइडने पिकवलेला हापूस, दोन्ही पिवळेच दिसतात. फरक तोंडात कळतो. तापलेल्या वाइनला शिजवलेल्या जॅमचा, कधी मनुकांचा वास येतो, आणि मागे एक कोरडा, पोकळ शेवट राहतो.

म्हणून पहिलं काम, बाटल्या बाहेर काढून एकेक तपासा. बूच असेल तर वाइनची पातळी बघा. बारा-पंधरा वर्षांच्या बाटलीत ती मानेत किंवा मानेच्या बुडाशी असेल तर ठीक. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर या वयाला ते वाईट लक्षण. मग वरचं आवरण बोटांनी हलकेच फिरवून बघा. सैल फिरलं तर बरं. चिकटून बसलं असेल, कडेला वाळलेला जांभळा ओघळ असेल किंवा बूच काचेच्या वर आलेलं दिसत असेल, तर उन्हाळ्यात वाइन फुगून त्या बुचाला बाहेर ढकलत होती असं समजा. ती बाटली आधी उघडायची, ठेवायची नाही. झाकण आट्यांचं असेल तर ओघळ सहसा दिसत नाही, पण झाकणाला पोचा पडलाय का ते बघा. पोच्यातून हवा शिरते. तिसरी तपासणी टॉर्चची: बाटली आडवी धरून मानेमागून उजेड टाका आणि एकाच सालच्या तिन्ही बाटल्यांचा रंग ताडून पाहा. दोन लालसर आणि एक तपकिरी निघाली तर तपकिरीला वेगळं काढा.

झाकणाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण भारतातून आलेल्या मंडळींना आट्यांचं झाकण म्हणजे स्वस्त माल वाटतो. ऑस्ट्रेलियात तसं नाही. साउथ ऑस्ट्रेलियातल्याच क्लेअर व्हॅलीत रीझलिंग ही व्हाइट वाइन बनवणाऱ्यांनी २००० सालच्या वाइनपासून एकत्रितपणे ही झाकणं स्वीकारली आणि पुढे इथल्या बहुतेक वाइनला ती आली, भारी रेडलासुद्धा. माझ्या कामात याचा सरळ फायदा दिसतो: एकाच खोक्यातल्या आट्यांच्या बारा बाटल्या वीस वर्षांनंतरही एकमेकींसारख्या असतात. बुचाच्या बारामध्ये प्रत्येकीचं नशीब निराळं. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच ओलं राहतं. आट्यांच्या उभ्या, आडव्या, कशाही चालतात.

आता साल. त्या तक्त्यांवर माझा राग आहे, आणि तुमच्या खोक्यातच त्याचं कारण आहे. तुमच्याकडे २०११ च्या दोन प्रकारच्या बाटल्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या हवामानांतून आल्यात. २०१०-११ च्या उन्हाळ्यात ला निनामुळे (प्रशांत महासागरातल्या बदलामुळे इथे जास्त पाऊस आणणारी स्थिती) देशाचा पूर्व आणि आग्नेय भाग भिजला. क्वीन्सलंडमध्ये पूर आले तो हाच उन्हाळा. बरोसात हंगाम थंड आणि ओला गेला, भुरी, डावणी, घडकूज हे द्राक्षांवरचे बुरशीचे रोग सगळे एकत्र आले. नाशकाकडच्या बागायतदाराला हे समजावून सांगायला नको; ऐन मणी भरताना सलग पाऊस म्हणजे काय ते तो जाणतो. पण इथले शेतकरी त्याआधी वर्षानुवर्षं दुष्काळाशी झगडत होते, त्यांच्या बागा आणि सवयी कोरड्या हवेच्या होत्या. बऱ्याच वायनऱ्यांनी त्या साली आपली वरच्या दर्जाची शिराझ बाजारात आणलीच नाही. त्याच वेळी मार्गारेट रिव्हरला, म्हणजे तिथून दोन हजारांहून जास्त किलोमीटर पश्चिमेला, कोरडा, उबदार आणि लवकर आलेला हंगाम होता. तिथली २०११ ची कॅबर्ने उत्तम मानली जाते. तेव्हा 'ऑस्ट्रेलिया २०११' असा एक आकडा देणं म्हणजे कोकणातल्या पावसावरून मराठवाड्याचा अंदाज बांधणं. तुमची मार्गारेट रिव्हरची बाटली रश्श्यात घातलीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

लोक विसरतात ती एक साधी गोष्ट: इथे द्राक्षं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये खुडतात आणि लेबलवरचं साल खुड्याचं असतं. म्हणजे २०११ ची वाइन २०१० च्या हिवाळ्यातल्या छाटणीपासून घडत आलेली असते. शिवाय कायद्याप्रमाणे लेबलवर साल लिहायचं तर किमान ८५ टक्के वाइन त्या सालची लागते. द्राक्षाच्या जातीला आणि प्रदेशाला हाच नियम. उरलेल्या १५ टक्क्यांत दुसरं काही मिसळायची मुभा आहे, आणि वाईट साली चांगला वाइनमेकर ती वापरतो. ही लबाडी नव्हे. ऑस्ट्रेलियात प्रदेश मिसळायची परंपराच जुनी आहे. इथली सगळ्यांत नावाजलेली रेड, पेनफोल्ड्स ग्रेंज, एकाच बागेतली नसते. वेगवेगळ्या प्रदेशांतली शिराझ निवडून ती बांधतात. अशा वाइनला सालाचा फटका कमी बसतो. एकाच बागेतली वाइन, उदाहरणार्थ ईडन व्हॅलीतली हेन्श्कींची हिल ऑफ ग्रेस, सालाला अंगावरच घेते.

एकाच प्रदेशात, एकाच सालातही एक वाइन नसते, याचं मला आवडणारं उदाहरण २००८ चं. त्या मार्चमध्ये ॲडलेडला सलग पंधरा दिवस पारा ३५ अंशांच्या वर होता. ज्यांची द्राक्षं त्याआधी खुडून झाली होती त्यांची वाइन झकास आहे. ज्यांची वेलीवर राहिली त्यांचे मणी सुरकुतले, साखर चढली, आणि बाटलीत मनुकांचा काढा उतरला. लेबलवर दोघांचंही साल २००८. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर व्हॅलीत तर त्याच साली उलट झालं, पावसाने रेडचा हंगाम धुऊन नेला. आणि त्याच हंटरची २०१४ ची शिराझ आज मी लोकांना शोधून ठेवायला सांगतो. २०२० ला आणखी वेगळं संकट होतं, वणव्यांचा धूर. धूर द्राक्षाच्या सालीत मुरतो, सुरुवातीला फारसा जाणवत नाही आणि नंतर वाइनमध्ये राखाडीची कडू चव येते. हंटरमध्ये काहींनी त्या वर्षी रेड केलीच नाही. मार्गारेट रिव्हर तेव्हाही लांबच होतं.

तर तुमच्या तीन शिराझ. २०१० आणि २०१२, दोन्ही बरोसासाठी चांगली सालं: फळ सावकाश पिकलं, आंबटपणा टिकला, २०१२ ला पीक कमी होतं त्यामुळे रसात दाटपणा जास्त. चांगल्या हाताची, नीट ठेवलेली बाटली असेल तर ती अजून उमेदीत असायला हरकत नाही. २०११ ची अंगाने हलकी असणार, रंग फिका, आणि तिच्यात काळी मिरी ठळक असेल. ती मिरी कल्पनेतली नाही. शिराझच्या सालीत रोटुंडोन नावाचा घटक असतो, मिरीतही तोच असतो. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तो शोधला आणि २००८ मध्ये त्याबद्दल प्रसिद्ध केलं. थंड हवेत, थंड सालात तो जास्त टिकतो. गंमत म्हणजे सुमारे पाचातल्या एका माणसाला त्याचा वासच येत नाही. त्यामुळे टेबलावर कोणी 'कसली मिरी?' म्हणालं तर त्याला अडाणी ठरवू नका.

माझं मत विचाराल तर २०११ ची बरोसा शिराझ आज टेबलावर पुष्कळदा २०१० पेक्षा जास्त बोलकी असते. भरदार सालच्या वाइन १४.५ टक्के किंवा त्यावरच्या अल्कोहोलच्या, ओकच्या पिंपाचा ठसा असलेल्या असतात. जेवणाबरोबर दुसरा ग्लास जड होतो. २०११ ची हलकी असल्याने संपून जाते. पण तिला पुढे ठेवायला अंगात बळ नाही. घडकुजीची फळं वेचून काढायचे कष्ट ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्या वाइनमध्ये ओल्या कुबट मातीसारखी छटा येते, आणि ती वयाबरोबर वाढते. एकूण २०११ च्या तिन्ही शिराझ या वर्षात प्या. चांगली निघाली तर लवकर आनंद मिळाला, वाईट निघाली तर गॅरेजमधली जागा रिकामी झाली.

कॅबर्नेचा हिशेब वेगळा. मणी लहान, साल जाड, म्हणजे तुरटपणा भरपूर. ती ठेवायला मुळातच शिराझपेक्षा भरवशाची. कूनवारा ही साउथ ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाची, चुनखडीवर लाल मातीचा पातळ थर असलेली अरुंद पट्टी. समुद्रापासून फार लांब नाही, हवा गार. तिथल्या चांगल्या कॅबर्नेला वीस वर्षं म्हणजे फार नाहीत. वास घेताना तुम्हाला निलगिरीचं तेल आठवलं तर दचकू नका. बागांच्या कडेला निलगिरीची झाडं असली की त्यांचं तेल, पानंसुद्धा, द्राक्षांवर येतात आणि वास वाइनमध्ये उतरतो. काही वाइन समीक्षक त्याला दोष म्हणतात, मला थोडा चालतो. सर्दीला लावायच्या मलमाइतका झाला की नको वाटतो.

'अजून किती वर्षं' याचं उत्तर मी वर्षांत देत नाही त्याचं कारण एका जुन्या घटनेत आहे. पेनफोल्ड्सचे वाइनमेकर मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ मध्ये ग्रेंजचा पहिला प्रयोग केला, दीर्घकाळ टिकणारी रेड बनवायची म्हणून. पहिल्या काही सालांच्या वाइन कंपनीच्या वरिष्ठांनी आणि जाणकारांनी कोवळ्या असतानाच चाखल्या, त्यांना त्या अजिबात आवडल्या नाहीत, आणि १९५७ मध्ये त्यांना थांबायचा हुकूम आला. शुबर्ट यांनी १९५७, ५८ आणि ५९ ची ग्रेंज लपवून बनवली. तोवर आधीच्या सालांच्या बाटल्या उमलू लागल्या, पुन्हा चाखल्यावर मत फिरलं आणि १९६० पासून काम रीतसर सुरू झालं. तज्ज्ञांनासुद्धा एका वेळच्या चाखण्यावरून पुढचं दिसलं नव्हतं. म्हणून माझी पद्धत अशी: एका सालच्या तीन बाटल्या असतील तर एक आत्ता उघडायची. फळ अजून जोरात आहे आणि तुरटपणा हिरड्यांना धरतोय, तर दुसरी दोन-तीन वर्षांनी. फळ आणि चामडं-माती-तंबाखूचे वास बरोबरीला आलेत, तर उरलेल्या पुढच्या वर्षा-दोन वर्षांत. फळ मागे पडून नुसता आंबटपणा आणि अल्कोहोल जाणवत असेल, तर वाट पाहून काहीही सुधारणार नाही. बाटलीत नसलेलं फळ वय आणून देत नाही. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक रेड तर दोन-पाच वर्षांत प्यायलाच बनवलेल्या असतात, त्यांच्यावर हा खटाटोप करायचाच नाही.

उरलेल्या बाटल्या घरात आणा. आदर्श तापमान १२ ते १५ अंश सांगतात, पण बारा बाटल्यांसाठी मी कुणाला तळघर खणायला लावत नाही. स्थिर १८ अंश हे १२ आणि २६ च्या झोक्यांपेक्षा कितीतरी बरं. घराच्या मधोमध असलेलं, बाहेरची भिंत नसलेलं कपाट शोधा, त्याचा सर्वांत खालचा कप्पा वापरा. बाहेरची भिंत टळत नसेल तर ती दक्षिणेची घ्या. आपण भारतातून येताना 'उत्तरेची खोली गार' हे डोक्यात घेऊन येतो, इथे सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे गणित उलटं. बाटल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवल्या तर दिवस-रात्रीचा फरक आणखी कमी होतो. कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर आत टाका आणि फेब्रुवारीत बघा. २४-२५ च्या वर जात असेल तर छोटा वाइन फ्रिज घ्या, किंवा या उन्हाळ्याआधीच पिऊन टाका.

चाखण्याचा बेत मात्र जरूर करा. एकाच वायनरीची लागोपाठची तीन सालं फुकट हाती येणं हे भाग्य आहे. बाटल्या दोन दिवस आधी उभ्या करून ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. प्यायच्या अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश हवं. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला गारठलेल्या युरोपी घरांचा आहे, डिसेंबरातल्या ॲडलेडच्या हॉलचा नव्हे. प्रत्येकाला तीन सारखे ग्लास द्या, आणि तिन्ही वाइन एकदमच ओता, एक संपवून दुसरी असं नाही. तुलना शेजारी-शेजारीच होते. क्रम मी वयाने लावत नाही, वजनाने लावतो: आधी २०११, मग २०१०, शेवटी २०१२. जड वाइननंतर हलकी घेतली की ती पाण्यासारखी लागते आणि बिचारीवर अन्याय होतो.

शक्य असेल तर बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा आणि नंबर टाका. साल दिसलं की जीभ तक्त्यातले गुण वाचायला लागते, हे मी व्यवसायातल्या लोकांतही पाहिलंय.

हॉलमध्ये उदबत्ती नको, अत्तर नको, आणि स्वयंपाकघरात लसणाची फोडणी चाखून झाल्यावर. हे मी गमतीने म्हणत नाही, आपल्या घरी वाइन चाखताना निम्मं नुकसान तिथेच होतं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि कडेचा रंग बघा: जांभळा म्हणजे अजून कोवळी, विटकरी म्हणजे वयात आली. मग ग्लास न हलवता वास घ्या, मग हलवून. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात माळ्यावर कुबट झालेल्या खोक्यासारखा वास आला तर तो बुचाचा दोष, टीसीए नावाच्या रसायनामुळे. ती बाटली बाजूला ठेवा, थांबून काही सुधारणार नाही. आट्यांच्या बाटलीला सुरुवातीला विझवलेल्या काडीसारखा गंधकी वास येतो कधी, तो मात्र ग्लास फिरवत राहिलं की दहा मिनिटांत जातो. घोट घेतल्यावर फळ, आंबट, तुरट हे वेगवेगळं शोधत बसण्यापेक्षा गिळल्यावर चव किती वेळ राहते आणि शेवटी काय उरतं एवढंच टिपा. मग तासभर गप्पा मारा आणि तेच ग्लास पुन्हा चाखा. जी वाइन तासाभरात खुलली तिला अजून आयुष्य आहे, जी ढेपाळली तिच्या भावंडांना लवकर उघडा. ठेवायचं की नाही याचं याहून चांगलं उत्तर मला कुठल्या तक्त्यात मिळालेलं नाही.

डिकँटर (वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं) वापरायचाच असेल तर गाळ गाळण्यापुरता, प्यायच्या अगदी आधी. या वयाच्या वाइनला दोन-दोन तास हवा देत बसू नका. जेवणात तिखट आवरा, कारण १४-१५ टक्के अल्कोहोल आणि लवंगी मिरची एकमेकांना भडकवतात, मग ना रश्श्याची चव कळते ना वाइनची. मटण कराच, पण खोबरं-धने-मिरीच्या अंगाने, लाल तिखट बेताचं. चाखून उरलेली २०११ खुशाल त्यात घाला, एवढी परवानगी देतो.

शेवटी पुणे. भारतात उतरताना ड्यूटी-फ्री सवलत दोन लिटरची आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्यावर नेलीत तर शुल्क भरावं लागेल. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाल्यापासून महागड्या ऑस्ट्रेलियन वाइनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर आलं आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे, तरी तिथल्या दुकानात जुनी सालं क्वचितच दिसतात. तेव्हा न्यायची तर जुनीच न्या. आट्यांचं झाकण असेल तर कूनवाराची २०१२ नेता येईल. बूच असेल तर प्रवासाचा गदारोळ तिला सोसवेल याची खात्री मी देणार नाही. नेली तर पोचल्यावर आठवडाभर उभी ठेवा, गाळ ढवळलेला असतो, आणि त्याच मुक्कामात उघडा. सासरेबुवांनी शोकेसमध्ये पुढच्या दिवाळीसाठी ठेवून दिली तर एप्रिल-मेचा उन्हाळा तिचं तेच करेल जे गॅरेजने केलं नाही. आणि त्यांना नाशकाची ताजी, फळाळ शिराझ आवडत असेल तर जुनीच्या भानगडीत न पडता बरोसाची २०२१ ची घ्या. साल उत्तम होतं, आणि ती त्यांना पहिल्या घोटात कळेल.